घरच्या आंब्याची बेगमी

ज्या घराच्या परसांत आंब्याचें एखादें जुनें झाड आहे, त्या घराला दर वैशाखांत एक गोड विवंचना जडते. वर्षभर झाड कांहीं मागत नाहीं आणि कांहीं देतही नाहीं. मग अवघ्या तीन आठवड्यांत आपलें सारें देणें तें एकदम पुढ्यांत ओततें. आज एक टोपली, उद्यां दोन, आणि मध्येंच वळवाचा वारा सुटला कीं सकाळीं अंगण आंब्यांनीं भरलेलें! खावें किती आणि वाटावें किती? शेजाऱ्यांच्या घरींही त्याच वेळीं तेच आंबे. चार दिवसांत आढींतले आंबे मऊ पडूं लागतात, आठव्या दिवशीं खोलीभर आंबूस वास सुटतो, आणि जें फळ नातवंडांच्या तोंडीं पडावयाचें तें गाईपुढें नाहीं तर उकिरड्यावर जातें. त्यांत पुष्कळ गावरान झाडांना एक वर्षाआड बहर येतो. म्हणजे यंदाची नासाडी ही एका वर्षाची नव्हे, दोन वर्षांची.

आमचें खापरखेडा हें नागपूरच्या उत्तरेस, सावनेर तालुक्यांतलें गांव. कोलार आणि कन्हान या नद्या जवळ, जमीन काळी, आणि आसपासच्या भूमीच्या पोटांत दगडी कोळसा. त्या कोळशावर चालणारें १३४० मेगावॉट शक्तीचें वीजकेंद्र गांवाच्या उशाशींच उभें आहे. मे महिन्यांत इकडे पारा ४५ अंश सेंटिग्रेडच्या घरांत जातो. पाकशास्त्राचीं पुस्तकें सांगतात, ‘बरणी थंड व कोरड्या जागीं ठेवावी.’ कोरडी जागा आमच्याकडे वाटेल तितकी आहे. थंड जागा मात्र वैशाखांत देवघराच्या कोनाड्यांतही सांपडत नाहीं. तेव्हां फळ टिकविण्याचा प्रश्न आम्हां नागपूरकडील गृहिणींना थोडा निराळा सोडवावा लागतो. तो आम्हीं कसा सोडविला, कोठें चुकलों आणि त्या चुकीनें काय शिकविलें, तें वाचकभगिनींपुढें मांडावें म्हणून हा लेख.

प्रथम एक खुलासा. बाहेर साल, मध्यें गर आणि आंत कठीण कवचांत बीं, अशा घडणीच्या फळांना वनस्पतिशास्त्रांत आठळीयुक्त किंवा अश्मगर्भी फळें म्हणतात. पाश्चात्य देशांत पीच, प्लम, जरदाळू, चेरी हीं या वर्गांतलीं मुख्य फळें, आणि तीं गोठवून किंवा बाटल्यांत भरून वर्षभर पुरविण्याची विद्या तिकडच्या गृहिणींनीं पुष्कळच वाढविली आहे. या झाडांना हिंवाळ्यांत दीर्घ थंडी लागते. ती वऱ्हाड-नागपुरांत कोठून यावी? परंतु आपला आंबा त्याच घडणीचा आहे. बोर, चार आणि आवळा हींही आठळीचींच फळें. तेव्हां त्यांचे पाठ आपण घ्यावयास हरकत नाहीं. मात्र ते आपल्या हवेला आणि आपल्या फळाला लावून पाहिले पाहिजेत.

फळ कां नासतें?

तोडलेलें फळ मेलेलें नसतें. त्याचा श्वास चालूच असतो. कैरी आढींत पिकते ती याच बळावर. परंतु ज्या अंतर्गत द्रव्यांच्या योगानें फळ पिकतें, त्याच द्रव्यांच्या योगानें तें पुढें उतरतें. त्यांना एन्झाइम असें नांव आहे. चिरलेली फोड काळवंडते तीही एन्झाइम आणि हवेंतील प्राणवायु यांच्या संयोगानें. हा झाला घरचा शत्रु. बाहेरचे शत्रु म्हणजे बुरशी, आंबविणारे किण्वजंतु आणि इतर सूक्ष्म जंतु. त्यांना तीन गोष्टी लागतात : पाणी, ऊब आणि खाद्य. पिकल्या आंब्यांत तीनही मुबलक.

आपल्या आज्यापणज्यांनीं या शत्रूंवर जे उपाय योजिले ते सारे या तीन गोष्टींपैकीं एखादी काढून घेण्याचे आहेत. आंबोशी, आमचूर, आंबापोळी आणि बोरकूट यांत ऊन्ह पाणी काढून घेतें. लोणच्यांत मीठ आणि मुरांब्यांत साखर हेंच काम निराळ्या रीतीनें करितें. पाणी तेथेंच असतें, पण मीठ किंवा साखर तें असें धरून ठेवते कीं जंतूंना त्याचा उपयोग होत नाहीं. उलट त्यांच्याच अंगांतलें पाणी बाहेर ओढलें जातें. मुरांब्याच्या पाकांत शेंकडा ६५ ते ७० साखर कां लागते, आणि साखर वांचविण्याच्या नादांत केलेला पातळ मुरांबा आषाढांत कां फसफसतो, याचें उत्तर हेंच. लोणच्यावर तेलाचा थर राखावयाचा तो हवेचा संबंध तुटावा म्हणून.

उष्णतेनें जंतु मारून बाटली हवाबंद करण्याची रीत त्या मानानें नवी. फ्रान्समधील निकोला आपेर या मिठाईवाल्यानें ती वर्षानुवर्षें प्रयोग करून सिद्ध केली आणि १८१० सालीं फ्रेंच सरकारचें १२,००० फ्रँकांचें बक्षीस मिळविलें. पदार्थ कां टिकतो हें मात्र त्यालाही सांगतां आलें नाहीं. तें कोडें पुढें पाश्चरच्या संशोधनानें उलगडलें.

राहिली थंडी. १८३३ सालीं अमेरिकेंतील बोस्टनहून जहाजांत भुसा भरून बर्फ कलकत्त्यास आणला गेला, तेव्हां तो साहेबलोकांच्या चैनीचा विषय होता. फळेंभाज्या गोठवून टिकविण्याची आजची पद्धति क्लॅरेन्स बर्ड्झाय या अमेरिकनानें रूढ केली. लॅब्राडॉरच्या हिमप्रदेशांत राहत असतांना, कडाक्याच्या थंडींत क्षणांत गोठलेले मासे कित्येक महिन्यांनीं शिजविले तरी ताज्यासारखे लागतात, हें त्यानें पाहिलें. त्यावरून शीघ्र गोठविण्याचें यंत्र त्यानें बनविलें, आणि १९३० सालीं असे पदार्थ तिकडे दुकानांत विक्रीस आले. आपल्या देशांत १९५८ सालीं गोदरेज कंपनीनें फ्रीज बनविण्यास आरंभ केला. आणि आज खेड्यापाड्यांतील घरींही तो दिसतो.

शिळें कीं टिकविलेलें?

आमच्या घरीं रस गोठवून ठेवण्याची गोष्ट प्रथम निघाली तेव्हां सासूबाईंनीं विचारलेला पहिला प्रश्न निराळाच होता. मामंजींना आंब्याचा रस फार प्रिय. त्यांची तिथि पितृपक्षांत येते, आणि त्या वेळीं आमच्याकडे आंबा कोठला? सासूबाई म्हणाल्या, “भाद्रपदांत यांच्या पानावर तो रस वाढलेला चालेल का? तो शिळा म्हणावा कीं ताजा?”

धाकटे भावजी शास्त्र शिकलेले. ते म्हणाले, “आई, शून्याखालीं अठरा अंशांवर जंतु वाढत नाहींत. काढलेल्या दिवशीं जसा होता तसाच तो रस राहतो. मग तो शिळा कसा?”

सासूबाईंनीं थोडा विचार केला. “लोणचें वर्षाचें असलें तरी त्याला कोणी शिळें म्हणत नाहीं,” त्या म्हणाल्या, “कारण मिठानें त्याचें रूपच पालटतें. मुरांबा पाकांत मुरतो, आंबोशी उन्हांत वाळते. तुमच्या रसाचें तसें कांहींच होत नाहीं. तो नुसता थांबतो. दार उघडें राहिलें कीं जेथें थांबला तेथून पुढें नासूं लागेल. थांबलेलें तें टिकलेलें कसें म्हणूं?”

त्या वेळीं आम्ही सारीं हंसलों. पण पुढें या विषयावरचें वाचन केलें तेव्हां कळलें कीं विज्ञानाचा निर्णय सासूबाईंच्याच बाजूचा आहे. गोठविल्यानें बहुतेक जंतु मरत नाहींत, ते निजतात. एन्झाइमही नष्ट होत नाहींत, त्यांची गति अतिशय मंदावते. वितळतांच दोघेही कामाला लागतात. मीठ, साखर, ऊन्ह आणि अग्नि हे पदार्थाचा स्वभाव बदलतात. थंडी त्याला केवळ थोपवून धरते. धर्मशास्त्रांतही शिळ्या अन्नाचा निषेध सांगतांना तुपातेलानें युक्त पदार्थांना सूट दिलेली आहे. मनुस्मृतीच्या पांचव्या अध्यायांत ती आढळते. म्हणजे केवळ किती दिवस झाले एवढेंच पाहावयाचें नसून पदार्थाचें काय झालें हेंही पाहावयाचें, हा विवेक जुनाच आहे.

अखेर घरांत तोड निघाली. तिथीला पानावर आंबापोळी कोमट पाण्यांत भिजवून केलेला रस वाढावयाचा. गोठविलेला रस दिवाळींत घरीं येणाऱ्या मुलाबाळांसाठीं.

गोठविण्याची कृति

कप्पा. फ्रीजच्या साध्या कप्प्यांत फळ कांहीं दिवस टिकतें, महिने नाहीं. महिनोन्‌महिने टिकवावयाचें तर बर्फाच्या कप्प्यांत उणें १८ अंश सेंटिग्रेड उष्णतामान राहिलें पाहिजे. कांहीं कप्प्यांच्या दारावर चांदण्या छापलेल्या असतात : एक चांदणी म्हणजे उणें ६, दोन म्हणजे उणें १२, आणि तीन म्हणजे उणें १८. विजेच्या बचतीच्या चांदण्या निराळ्या. त्यांचा येथें संबंध नाहीं. चांदण्या नसल्यास थंडी मोजण्याचा स्वस्त उष्णतामापक आणून एक रात्र आंत ठेवावा व सकाळीं पाहावें.

फळ. कच्चा आंबा पिकण्यापूर्वीं फ्रीजमध्यें मुळींच ठेवूं नये. सुमारें १२ अंशांच्या खालीं त्याला थंडी बाधते. साल काळी पडते आणि पुढें तो धड पिकतही नाहीं. आधीं तणसाच्या आढींत नीट पिकूं द्यावा. दाबून दाबून काळे पडलेले, भेगाळलेले किंवा देठाशीं कुजूं लागलेले आंबे गोठविण्यास घेऊं नयेत. जें आंत जाईल तेंच बाहेर येईल. थंडी वाईटाचें चांगलें करीत नाहीं.

धुणें. आंबे तास-दोन तास स्वच्छ पाण्यांत बुडवून ठेवावेत. आंबा हा बिब्याच्याच कुळांतला. त्याच्या देठाशीं असलेला चीक ओठांना व कातडीला बाधतो, तो यानें निघून जातो. आमच्यासारख्या कोळशाच्या मुलखांत पानांवर व फळांवर धूळ आणि राख बसतेच. म्हणून दोन पाण्यांनीं चोळून धुवावें, आणि देठाकडचा चकतीएवढा भाग कापून टाकावा.

फोडी कीं रस? पाणी गोठतांना सुमारें शेंकडा ९ नें फुगतें. गोठण्यास वेळ लागला तर बर्फाचे मोठे स्फटिक होतात व ते फळाच्या पेशी फाडतात. म्हणून वितळलेली फोड लिबलिबीत होऊन पाणी सोडते. घरचा कप्पा कारखान्यासारखा झपाट्यानें गोठवूं शकत नाहीं. यास्तव जो आंबा मुळांतच रसाळ व धागेदार आहे—आणि आमचा गावरान आंबा बहुतेक तसाच असतो—त्याचा रसच गोठवावा. त्याच्या पेशी पिळतांनाच फुटलेल्या असल्यानें नुकसान कमी. कापून खाण्याजोगा घट्ट गराचा आंबा असेल तर त्याच्या फोडी कराव्या. कोय घालून सबंध आंबा गोठविण्यानें जागा अडते आणि लाभ कांहीं नाहीं.

रसाची रीत. रस काढून गाळून घ्यावा. चार वाट्या रसाला एक वाटीपर्यंत साखर आणि एक मोठा चमचा लिंबाचा रस घालावा. साखरेनें स्वाद व पोत राहतो, लिंबानें रंग काळवंडत नाहीं. साखर वर्ज्य असणाऱ्यांसाठीं बिनसाखरेचाही चालतो. तो थोडा लौकर संपवावा. पाव ते अर्धा किलो रस जाड, अन्नासाठीं बनविलेल्या पिशवींत भरून हवा पिळून काढावी आणि पिशवी ताटलीवर आडवी, दोन सेंटिमीटरहून जाड होणार नाहीं अशी पसरून ठेवावी. पातळ थर लौकर गोठतो, लौकर वितळतो आणि नंतर पुस्तकांसारखा उभा रचतां येतो. डबा वापरल्यास वर दोन बोटें जागा रिकामी ठेवावी. कांचेची बरणी कांठोकांठ भरली तर ती हमखास तडकते, व त्या रसांतून कांचेचा कण निघेल या भीतीनें सारेंच टाकावें लागतें.

फोडींची रीत. फोडींवर लिंबाचा रस शिंपडून त्या ताटांत एकमेकींना न लागतील अशा मांडाव्या. कडक झाल्या कीं पिशवींत भराव्या. म्हणजे हव्या तेवढ्याच काढतां येतात.

किती भरावें? उत्साहाच्या भरांत दहा किलो रस एकदम कोंबूं नये. कप्प्याच्या दर ३० लिटर जागेमागें एका दिवसांत साधारण एक किलोच नवा माल घालावा. अधिक घातल्यास सारेंच सावकाश गोठतें आणि जुना मालही मऊ पडतो. पिशवीवर पदार्थ, वजन व तारीख लिहावी. अशा रीतीनें ठेवलेला रस आठ ते बारा महिने चांगला राहतो. म्हणजे पुढच्या बहरापर्यंत पुरतो.

वितळविणें. आदल्या रात्रीं पिशवी फ्रीजच्या खालच्या कप्प्यांत काढून ठेवावी. मे महिन्याच्या हवेंत ओट्यावर वितळूं देऊं नये. वितळलेला रस त्याच दिवशीं संपवावा. राहिलेला पुन्हां गोठविण्याचा मोह टाळावा.

कैरीचें पन्हें. कैऱ्या उकडून गर काढावा, त्यांत गूळ, वेलदोडा व चवीपुरतें मीठ घालून थंड झाल्यावर गोठवावा. उकडल्यामुळें एन्झाइम नष्ट झालेले असतात, कैरीची आंबटाईही भरपूर. म्हणून गोठविलेल्या पदार्थांत हा सर्वांत भरंवशाचा.

वाटींतलें नाणें

आतां आमच्या चुकीची गोष्ट. पहिल्या वर्षीं बहर दांडगा आला. लोणच्याचा खटाटोप आतां कशाला, असें म्हणून आम्हीं दोघी जावांनीं जवळजवळ सारें पीक रसाच्या रूपानें एका मोठ्या डीप-फ्रीजरमध्यें भरलें. लहान मुलांनीं कोठेंसें वाचून त्यांत एक गंमत करून ठेविली होती : वाटीभर पाण्याचा बर्फ करून त्याच्यावर एक रुपयाचें नाणें ठेवलें होतें. त्याकडे आम्हीं फारसें लक्ष दिलें नाहीं.

जूनच्या आरंभीं पुण्यास नात्यांत मुंज होती. सहा दिवसांनीं घरीं परतलों. मागें एक वादळ होऊन गेलें होतें. विजेच्या केंद्राशेजारीं राहिलें म्हणून काय झालें, तारेवर फांदी पडली कीं आमच्याकडेही अंधार होतोच. पेटी उघडून पाहिली तों सर्व पिशव्या दगडासारख्या कडक. रंग ठीक, वास ठीक. आम्हीं निःश्वास सोडला. इतक्यांत मुलगी म्हणाली, “आई, नाणें कुठें गेलं?”

वाटींतला बर्फ गुळगुळीत होता, आणि नाणें त्याच्या तळाशीं होतें.

अर्थ उघड होता. वाटींतलें पाणी पूर्णपणें वितळलें, नाणें बुडालें, आणि वीज आल्यावर तें पुन्हां गोठलें. पाणी वितळलें तर रसही वितळला. किती तास तो तसा उबेंत होता हें सांगणारें घरांत कोणी नव्हतें. भरगच्च पेटी दार न उघडल्यास साधारण दोन दिवस आणि अर्धी भरलेली एक दिवस थंडी धरते, असें परदेशी पुस्तकांत सांगितलेलें असतें. परंतु ज्या गांवीं रात्रींही भिंती तापलेल्या असतात तेथें त्याहून कमीच धरावें. पिशवींत बर्फाचे खडे शिल्लक असतील, किंवा उष्णतामान ४ अंशांच्या वर गेलें नसेल, तर पदार्थ पुन्हां गोठविला तरी फक्त चव उतरते. येथें तसें म्हणावयास आधार नव्हता.

वाद बराच झाला. भावजी म्हणाले, “एक पिशवी उघडून पाहूं.” पण सर्व नासणें नाकाला कळतें असें नाहीं, हें त्यांनाही ठाऊक होतें; आणि घरांत दोन वर्षांचें मूल व ब्यायशी वर्षांच्या सासूबाई. शेवटीं बावीस पिशव्यांतला रस त्याच झाडाच्या आळ्यापासून दूर खड्डा करून पुरला. कुदळ मारतांना कोणी बोललें नाहीं. सासूबाईंना ‘मी सांगितलें होतें’ म्हणण्याचा पुरा हक्क होता; त्यांनीं तो बजावला नाहीं. इतकेंच म्हणाल्या, “रस ठेवलात हें चुकलं नाहीं. सगळं एकाच ठिकाणीं, एकाच रीतीनं ठेवलंत, हें चुकलं.”

पीक कसें वांटावें?

तेव्हांपासून झाडाच्या पिकाची वांटणी आम्ही घरांतल्या वांटणीप्रमाणें आधींच ठरवितों.

चैत्रांतल्या वाऱ्यानें पडलेल्या कोवळ्या कैऱ्या आंबोशी व आमचुराला. कोय धरलेल्या कडक कैऱ्या लोणच्याला आणि मुरांब्याला. लोणच्याच्या एक किलो फोडींस दीडशें ते दोनशें ग्रॅम मीठ असावें, फोड पुसून कोरडी असावी, आणि तापवून पूर्ण निवविलेलें तेल वर बोटभर तरंगावें. मुरांब्याच्या एक किलो किसाला सवा ते दीड किलो साखर. येथें हात आंखडूं नये.

पिकल्या आंब्यांपैकीं निम्मे आंबापोळीला. रसांत किलोमागें शंभर ग्रॅम साखर घालून, तूप लावलेल्या ताटांत पातळ पसरून ऊन्ह दाखवावें. वाळल्यावर दुसरा थर, मग तिसरा. ताटावर पातळ पांढरें फडकें बांधावें, म्हणजे माशी आणि राख दोन्ही टळतात. नागपूरचें वैशाखी ऊन्ह, ज्याला आपण एरवीं दोष देतों, तें या कामीं कोणत्याही यंत्राहून सरस आहे. कोकणच्या दमट हवेंत असें खणखणीत वाळवण होणें कठीण. उन्हानें क जीवनसत्त्व व कांहीं अंशीं अ जीवनसत्त्वाचें मूलद्रव्य कमी होतें हें खरें. गोठविलेल्या रसांत तीं बरींच राहतात. म्हणूनच दोन्ही रीतींना आपापली जागा आहे.

उरलेल्या निम्म्यांतला कांहीं भाग गोठवावा व कांहीं बाटल्यांत भरावा. बाटल्यांविषयीं एक इशारा अवश्य दिला पाहिजे. हवाबंद बाटलींत, जेथें आंबटपणा कमी असतो तेथें, बोट्युलिझम नांवाचा रोग करणारें प्राणघातक विष तयार करणारे जंतु वाढूं शकतात. त्याला वास येईलच असें नाहीं. आम्लता मोजण्याच्या मापांत (पीएच) ४.६ च्या खालीं ते वाढत नाहींत. कैरी त्या मर्यादेच्या पुष्कळच खालीं असते. पण पूर्ण पिकलेला गोड आंबा जातीपरत्वें त्या मर्यादेजवळ किंवा वरही जातो. म्हणून बाटलींत भरावयाच्या रसाला किलोमागें पांच ग्रॅम सायट्रिक आम्ल, ज्याला बाजारांत लिंबूसत्त्व म्हणतात, तें मोजूनच घालावें. रस चांगला वाफाळेपर्यंत तापवून उकळलेल्या बाटल्यांत गरम असतांनाच भरावा, आणि झांकण लावून बाटल्या अर्धा तास उकळत्या पाण्यांत ठेवाव्या. झांकण फुगलें, रस फसफसला किंवा शंका आली तर न चाखतां टाकून द्यावें. आम्लाविना केलेला गोड रस हवाबंद करूं नये.

इतर आठळीच्या फळांविषयीं थोडक्यांत सांगतें. बोर गोठविण्यांत अर्थ नाहीं. संक्रांतीनंतरच्या कोरड्या उन्हांत तें उत्तम वाळतें आणि त्याचें बोरकूट वर्षभर मुलांच्या डब्यांत राहतें. आवळे वाफवून, फोडी सुट्या करून गोठविले तर उन्हाळ्यांत सरबताला व चटणीला येतात. चारोळी हें तर चाराच्या आठळींतलें बीं. तिच्यांत तेल फार, त्यामुळें उन्हाळ्यांत ती खवट होते. हवाबंद डबींत भरून बर्फाच्या कप्प्यांत ठेविली असतां दिवाळीच्या करंज्यांना ताज्यासारखी लागते. एवढ्याशा डबीला जागा ती किती लागणार!

मागील वर्षीं आमच्या झाडाला बहर नव्हता. शेंड्याला दहा-वीस आंबे, तेही पोपटांनीं अर्धे खाल्लेले. तरी पितृपक्षांत मामंजींच्या पानावर पोळीचा रस पडला, आणि दिवाळींत पुण्याहून आलेल्या नातवंडांनीं पुरीबरोबर गोठविलेला रस मागून मागून घेतला. लोणच्याची बरणी होतीच. सासूबाईंनीं रसाची वाटी हातांत घेऊन एक घोट घेतला आणि म्हणाल्या, “थांबलेला असला तरी आपल्याच झाडाचा आहे.”

नाण्याची वाटी अजून कप्प्यांत आहे. बाहेरगांवाहून आल्यावर हातपाय धुण्याच्या आधीं घरांतलें कोणी ना कोणी तिच्यांत डोकावून पाहतें.